पावसाआधी एक प्रत बाहेर काढा

मुळशी तालुक्यात धंदा करणाऱ्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. पिरंगुट, उरवडे, कासार आंबोली, भरे इथले कारखानदार, पौडच्या बाजारातले व्यापारी, भूगाव-भुकूमचे मंगल कार्यालयवाले, धरणाच्या काठावरचे रिसॉर्टवाले, गावोगावच्या पतसंस्थांचे सचिव, दवाखाने, शाळा, हिंजवडी-माणला चार-पाच जणांत सॉफ्टवेअरचं काम करणारी मुलं, सगळ्यांनाच. मृग लागायच्या आत तुमच्या कॉम्प्युटरमधल्या कामाच्या माहितीची एक पूर्ण प्रत काढा. ती त्या इमारतीबाहेर न्या, कुठल्याही मशीनला न जोडता ठेवा. आणि ठेवण्याआधी ती दुसऱ्या मशीनवर उतरवून सगळं नीट उघडतंय का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

बॅकअपचं महत्त्व कुणाला पटवून द्यावं लागतं असं नाही. विचारलं की प्रत्येकजण म्हणतो, "घेतो की आम्ही." पण तो कुठे आहे, शेवटचा कधी घेतला आणि तो कधी उघडून पाहिला, एवढं विचारलं की मालक अकाउंटंटकडे बघतो, अकाउंटंट कॉम्प्युटरवाल्याला फोन लावतो. माझी सगळी काळजी त्या फोनपाशी आहे.

मुळशीकरांना हे विशेष सांगायचं कारण आपला पाऊस. जुलै 2024 च्या अतिवृष्टीत ताम्हिणीला चोवीस तासांत 556 मिलिमीटर पाऊस पडला. 25 जुलैला लवासात दरड थेट बंगल्यांवर आली आणि खाली पुण्यात सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत माणसांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं. घाट उतरून माणगावपुढे महाडला गेलात, तर जुलै 2021 मध्ये अख्खी बाजारपेठ पाण्याखाली गेल्याचं कुठलाही दुकानदार सांगेल. एवढं मोठं काही झालं नाही तरी दरवर्षीचा त्रास ठरलेला आहेच. फांदी तारेवर पडते, लाईट जाते, येते, पुन्हा जाते, आणि येताना जोरात येते. हार्ड डिस्क काही लिहीत असताना वीज गेली तर हिशोबाची फाईल अर्धवट राहून बिघडू शकते. आपण मे महिन्यात पत्रे तपासतो, पन्हळी साफ करतो, मालावर ताडपत्री टाकतो. ज्या खोक्यात सगळ्या धंद्याची माहिती आहे ते मात्र टेबलाखाली जमिनीवर, यूपीएसला चिकटून उभं असतं.

आगीबद्दल या तालुक्याला सांगावं असं काही उरलेलं नाही. 7 जून 2021 रोजी उरवड्याच्या एसव्हीएस अ‍ॅक्वा टेक्नॉलॉजीज या कारखान्यात 17 कामगार जळून गेले. त्यात बहुतेक बाया होत्या. त्या दुःखाशेजारी कॉम्प्युटरची गोष्ट काढणं मला सोपं वाटत नाही. तरी काढतो, कारण त्या दिवसानंतर मृतांची ओळख पटवायला डीएनए तपासणी करावी लागली होती. कुठल्याही कारखान्यात आग लागली की पहिला प्रश्न असतो, आत कोण कोण आहे? त्याचं उत्तर हजेरीपटात असतं, ठेकेदाराने त्या दिवशी पाठवलेल्या माणसांच्या यादीत असतं, घरच्यांच्या फोन नंबरांत असतं. ती यादी त्याच इमारतीतल्या मशीनमध्ये राहिली तर अग्निशमन दलाच्या माणसाला तुम्ही काय सांगणार? म्हणून बॅकअपमध्ये सर्वात आधी माणसं धरा. रोज सकाळी काम सुरू झालं की हजेरीच्या पानाचा फोटो कारखान्याबाहेर असणाऱ्या दोन जणांच्या फोनवर गेला पाहिजे. याला खर्च काही नाही, आणि उद्यापासून सुरू करता येतं.

आता हिशोबाकडे आणि कामाकडे वळू. आपल्या भागातल्या जॉबवर्कच्या गाळ्यात टॅलीचा डेटा हा खरं तर सर्वात सोपा भाग आहे. टॅली गेलं तरी बँकेची स्टेटमेंटं आहेत, जीएसटी पोर्टलवर भरलेली रिटर्न्स आहेत, पुरवठादाराकडे त्याची बिलं आहेत. महिना-दोन महिने दिवसरात्र बसून हिशोब बराचसा उभा करता येतो. जे पुन्हा उभं राहत नाही ते वेगळंच असतं. ग्राहकाने दिलेल्या ड्रॉइंगची नेमकी कितवी आवृत्ती चालू आहे, ते. सीएनसीच्या ऑपरेटरने वर्षभर घासून घासून बसवलेला प्रोग्रॅम. तपासणीचे जुने रिपोर्ट, जे गाड्यांच्या कंपनीचा ऑडिटर तीन वर्षांनी मागतो. रोख उधारीची वही, जी एका एक्सेल फाईलमध्ये आहे आणि ज्यातले निम्मे आकडे फक्त मालकाला कळतात.

आणि मशीनचे पॅरामीटर. याकडे फारच थोड्यांचं लक्ष असतं, म्हणून जरा थांबून सांगतो. फॅनकसारख्या कंट्रोलमध्ये मशीनचे पॅरामीटर आणि बरेचसे प्रोग्रॅम ज्या मेमरीत असतात ती एका छोट्या बॅटरीवर जिवंत राहते. मशीन दिवाळीच्या सुट्टीत बंद राहिलं, बॅटरी संपली, की सुट्टीनंतर ते मशीन आपण कोण आहोत हेच विसरलेलं असतं. मग सर्व्हिस इंजिनिअरची वाट पाहायची, तोवर काम बंद. बॅटरी कमी झाल्याची सूचना स्क्रीनवर येते, ती दिसली की त्याच आठवड्यात बॅटरी बदला, आणि बदलताना कंट्रोल चालू ठेवा. त्याआधी पॅरामीटर आणि प्रोग्रॅम कार्डवर उतरवून घ्या. ज्याने मशीन बसवलं त्याच्याकडून पीएलसीचा प्रोग्रॅम आणि त्याचा पासवर्डही मागून घ्या. तुम्ही पैसे मोजून घेतलेल्या मशीनचा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या लॅपटॉपमध्ये राहणं बरं नव्हे. तो माणूस उद्या नोकरी सोडेल.

"आमचं सगळं पेनड्राइव्हवर आहे" हे उत्तर मला वारंवार ऐकू येतं. पेनड्राइव्ह माहिती इकडून तिकडे न्यायला आहे, सांभाळून ठेवायला नाही. तो हरवतो, वाकतो, नुसता पडून राहिला तरी काही वर्षांनी दगा देऊ शकतो. आणि बहुतेक वेळा तो त्याच कॉम्प्युटरला लावलेला असतो.

"सीएकडे आहे" हे दुसरं उत्तर. सीएकडे असतो तो बहुधा मार्चअखेरचा डेटा. ऑगस्टमध्ये तुमचं मशीन गेलं तर एप्रिल ते जुलै कुठून आणणार? शिवाय सीएच्या ऑफिसची आपली स्वतःची बॅकअपची व्यवस्था काय आहे, हे आपण कधी विचारलेलं नसतं.

"गुगल ड्राइव्हवर टाकलंय." हे पहिल्या दोनपेक्षा बरं आहे, पण यात एक फसगत आहे. कॉम्प्युटरवरचं फोल्डर ड्राइव्हशी जोडलेलं असेल, तर इथे जे होतं तेच तिथे होतं. इथे चुकून फाईल पुसली की तिथूनही जाते आणि कचरापेटीत 30 दिवस राहून कायमची नाहीशी होते. इथे व्हायरसने फाईल बिघडवली की बिघडलेलीच फाईल वर चढते. जुन्या आवृत्त्या काही काळ मिळतात खऱ्या, पण त्या किती दिवस मिळतात आणि कशा काढायच्या, हे संकट यायच्या आधी माहीत हवं. दोन डिस्क लावलेला सर्व्हर असेल तर त्याचंही असंच. एक डिस्क बिघडली तर दुसरी चालते, तिचं काम तेवढंच. चोर दोन्ही नेतो, पाणी दोन्हींत शिरतं.

क्लाउड म्हणजे आकाशातली जागा असं समजू नका. तीही कुठल्यातरी गावातली इमारतच असते. 10 मार्च 2021 ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून गेलं, आणि ज्यांनी मूळ डेटा आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात ठेवले होते त्यांच्यातल्या अनेकांना काहीच परत मिळालं नाही. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा 'सेंट्रल इंडिया' नावाचा विभाग पुण्यात आहे. तो घ्यायला काहीच हरकत नाही, जवळ म्हणून तो वेगानेही चालतो. फक्त दुसरी प्रत पुण्याबाहेरच्या विभागात ठेवा, चेन्नईला ठेवा. राष्ट्रीय शेअर बाजाराचं मुख्य काम मुंबईत चालतं आणि पर्यायी केंद्र चेन्नईत आहे, ते अशाच विचाराने.

मोठ्या माणसांकडून हे सगळं आपोआप नीट होत असेल, असंही समजू नका. 21 जून 2012 ला दुपारी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली, वरच्या मजल्यांवर पसरली, पाच जणांचा जीव गेला आणि कित्येक विभागांच्या फायली जळाल्या. ज्या कागदाची प्रत जिल्ह्यात किंवा दुसऱ्या कार्यालयात होती तो पुन्हा मिळवता येतो, ज्याची नव्हती तो कायमचा जातो. हा नियम मंत्रालयालाही चुकत नाही. आणि 26 सप्टेंबर 2025 ला दक्षिण कोरियात डेजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्यांपासून आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली जिथे साठवल्या जात ती 858 टेराबाइटची व्यवस्था त्यात गेली, आणि ती फार मोठी म्हणून तिची बाहेर प्रतच नव्हती. जगात संगणकीकरणात पुढे असलेल्या देशाची ही गोष्ट आहे.

पाणी आणि आग डोळ्यांना दिसतात. तिसरं संकट दिसत नाही, आणि गेल्या काही वर्षांत लहान धंद्यांना त्याचीच भीती जास्त आहे. ईमेलमधून किंवा उघड्या राहिलेल्या दारातून एक प्रोग्रॅम आत शिरतो, सगळ्या फाईलींना कुलूप लावतो आणि किल्लीचे पैसे मागतो. याला रॅन्समवेअर म्हणतात. तो आत आल्या आल्या लगेच कामाला लागत नाही. आधी बॅकअप कुठे आहे ते शोधतो. कॉम्प्युटरला जोडलेली एक्स्टर्नल डिस्क, नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर, विंडोजने स्वतः ठेवलेल्या जुन्या प्रती, हे सगळं निकामी करून मग पडद्यावर पैशांची मागणी येते. म्हणून कायम जोडून ठेवलेली डिस्क या संकटात कामाला येत नाही. प्रत घेतली की केबल काढायची. ही सवय लागली तर अर्धं संरक्षण तिथेच होतं.

27 जून 2017 ला नॉटपेट्या नावाचा असाच हल्ला जगभर पसरला. त्याने पैसे मागण्याचं सोंग केलं, पण फाईली परत देण्याचा त्याचा इरादाच नव्हता. मर्स्क ही डेन्मार्कची जहाज कंपनी त्यात सापडली, आणि तिच्याच समूहाकडे असलेलं न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं टर्मिनलही. आपल्या उरणजवळ कंटेनर अडकून पडले. मर्स्कचे जगभरचे जवळजवळ 4,000 सर्व्हर आणि 45,000 कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. कंपनीकडे बॅकअप नव्हते असं नाही. पण कुणाला कुठे प्रवेश आहे याची जी मध्यवर्ती नोंद असते, तिच्या प्रती एकमेकींशी कायम जोडलेल्या होत्या, आणि त्यामुळे सगळ्या एकदमच गेल्या. एक तेवढी वाचली, घानामधली. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती, त्यामुळे ते मशीन नेटवर्कवर नव्हतं. एवढ्या मोठ्या कंपनीला जे नशिबाने मिळालं, ते तुम्ही केबल काढून ठरवून मिळवू शकता.

दिल्लीच्या एम्समध्ये 23 नोव्हेंबर 2022 ला अशाच हल्ल्याने सर्व्हर बंद पडले. पुढचे बरेच दिवस केसपेपरपासून रक्ततपासणीपर्यंत सगळं हाताने लिहून चाललं. रुग्णांच्या नोंदी परत मिळाल्या त्या हल्ला न पोचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. आपल्या भागातल्या दवाखान्यांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक प्रत हल्ल्याच्या वाटेबाहेर असू द्या. आणि कोऱ्या केसपेपरांचे गठ्ठे, पावतीपुस्तकं आणि कार्बन पेपर कपाटात असू द्या. कॉम्प्युटर बंद असताना हाताने काम कसं करायचं, हे तिथल्या नव्या मुलीला एकदा दाखवून ठेवा. तिने कदाचित ते कधी पाहिलेलंच नसेल.

हे चोर आत येतात कुठून? फसव्या ईमेलमधून तर येतातच, पण आपल्याकडे आणखी एक दार फार ठिकाणी उघडं आहे. मालकाला घरी बसून टॅली बघता यावं, म्हणून कॉम्प्युटरवाला ऑफिसातलं मशीन रिमोट डेस्कटॉपवर थेट इंटरनेटला उघडं करून देतो आणि पासवर्ड ठेवतो कंपनीचं नाव आणि 123. अशी उघडी दारं शोधत फिरणारे प्रोग्रॅम दिवसरात्र चालू असतात. तुमच्याकडे अशी सोय असेल तर आजच त्या माणसाला फोन करा आणि हे थेट दार बंद करून व्हीपीएनमधून जायला लावा, ओटीपी लावा. त्याला राग आला तरी चालेल.

पतसंस्था आणि सहकारी बँकांशी मला थोडं वेगळं बोलायचं आहे, कारण तुमच्याकडे दुसऱ्यांचे पैसे आहेत. 31 जुलै 2024 ला सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. ही कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांना कामकाजाची संगणकव्यवस्था पुरवते. संसर्ग पुढे जाऊ नये म्हणून राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला आपल्या जाळ्यापासून तोडलं, आणि देशभरातल्या सुमारे 300 लहान बँकांच्या खातेदारांचं यूपीआय आणि एटीएम थांबलं. तपासणी करून दुसऱ्या दिवशी जोडणी परत झाली. त्या बँकांनी स्वतः काही चूक केलेली नव्हती. त्यांचं सॉफ्टवेअर ज्याच्याकडे होतं तो अडकला, म्हणून त्याही अडकल्या.

पतसंस्थेचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा पुण्यातला किंवा कोल्हापूर-सांगलीकडचा कुणी पुरवठादार सांभाळतो आणि संचालक मंडळ निर्धास्त असतं. पुढच्या मासिक सभेत त्याला बोलवा. डेटा कोणत्या शहरात आहे? दुसरी प्रत कुठे आहे? तुम्ही शेवटचा बॅकअप उतरवून कधी पाहिलात, त्याचा कागद दाखवा. तुमची कंपनी उद्या बंद झाली तर आमच्या सभासदांची खाती आम्हाला कोणत्या स्वरूपात मिळतील? या प्रश्नांची उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. आणि दर आठवड्याला सर्व खात्यांच्या शिलकीची यादी, निदान पीडीएफमध्ये, संस्थेच्या स्वतःच्या ताब्यात आली पाहिजे असा ठराव करा. सभासद दारात येऊन "माझे किती?" विचारेल तेव्हा "सॉफ्टवेअरवाला सांगेल" हे उत्तर देण्याची पाळी सचिवावर येऊ नये.

आता सर्वात महत्त्वाच्या कामाकडे येतो, ते म्हणजे बॅकअप उतरवून पाहणं. कोळवण खोऱ्यातला भाताचा शेतकरी घरचं बियाणं पेरायच्या आधी त्यातले मोजून शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते बघतो. कणगी भरलेली दिसते म्हणून तो पेरणीला निघत नाही. बॅकअपची फाईलही अशीच तपासावी लागते. ती तिथे आहे, तिचा आकार बरोबर दिसतो, रोज रात्री 'यशस्वी' असा संदेश येतो, आणि गरज पडते त्या दिवशी ती उघडत नाही. गिटलॅब ही सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची नावाजलेली कंपनी. 31 जानेवारी 2017 ला तिच्या एका इंजिनिअरकडून मुख्य डेटाबेस पुसला गेला. डेटा सांभाळण्याचे पाच उपाय त्यांनी योजलेले होते. त्यातला एकही त्या वेळी नीट चालू नव्हता. एकाने सहा तासांपूर्वी योगायोगाने एक प्रत काढून ठेवली होती म्हणून ते वाचले, तरी सहा तासांचं काम गेलंच. त्यांनी हे सगळं जगापुढे मोकळेपणाने मांडलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. एका सुट्टीच्या दिवशी दुसरा कॉम्प्युटर घ्या, घरचा लॅपटॉप चालेल. मूळ मशीनला हात लावू नका. टॅलीमध्ये बॅकअपच्या शेजारीच रिस्टोअर आहे. तो घेताना नवं रिकामं फोल्डर निवडा, नाहीतर जुन्या डेटावर लिहिलं जाईल. कंपनी उघडली की गेल्या आठवड्यातलं एखादं बिल शोधा, एका ग्राहकाची बाकी जुळवा. मग दहा-बारा ड्रॉइंग उघडा, एक जुना तपासणी रिपोर्ट उघडा. सुरुवात केल्यापासून काम करता येण्याजोगी स्थिती यायला किती वेळ लागला, तो लिहून ठेवा. पहिल्यांदा काहीतरी सापडत नाहीच. कधी सॉफ्टवेअरचं लायसन्स सापडत नाही, कधी एखादं फोल्डर बॅकअपमध्ये घेतलेलंच नसतं कारण ते अकाउंटंटच्या डेस्कटॉपवर होतं. हे मे महिन्यात कळलेलं चांगलं.

किती वेळा बॅकअप घ्यावा हे मला विचारू नका, स्वतःला दोन गोष्टी विचारा. किती दिवसांचं काम पुन्हा टंकायची माझी तयारी आहे? एक दिवसाचं असेल तर बॅकअप रोज हवा, आठवड्याचं चालत असेल तर आठवड्याला. आणि किती दिवस दुकान बंद ठेवून मी तग धरू शकतो? हे दुसरं उत्तर दोन दिवस असेल, तर नुसती प्रत पुरणार नाही, ती चालवायला दुसरं मशीनही हाताशी हवं. बटाट्याच्या व्यापाऱ्याचं आणि दवाखान्याचं उत्तर सारखं असणार नाही. मंगल कार्यालयाला तर बुकिंगची वही गेली की एकाच तारखेला दोन लग्नं दारात येतील, त्यांनी ती रोजच्या रोज बाहेर ठेवलेली बरी.

लहान धंद्याला मला पटलेली सोय अशी. दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या, त्यांवर मोठ्या अक्षरात 'अ' आणि 'ब' लिहा. या आठवड्यात 'अ' ऑफिसात, 'ब' घरी. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी प्रत काढायची, केबल काढायची, ती डिस्क घरी न्यायची आणि घरची परत आणायची. शिवाय रोजची प्रत क्लाउडवर. घर कारखान्याच्याच आवारात असेल तर डिस्क दुसऱ्या गावी ठेवा. पिरंगुटच्या कारखानदाराने पौडच्या मेहुण्याकडे ठेवावी, मेहुण्याने आपली इकडे द्यावी. डिस्कला पासवर्ड लावा, कारण तिच्यात कामगारांचे आधार क्रमांक आणि ग्राहकांची माहिती आहे, आणि ती चोरीला गेली तर ती जबाबदारी तुमचीच. दोन्ही डिस्कची किंमत मिळून एका चांगल्या मोबाईलएवढीही नाही.

पासवर्डवरून आठवलं. धंदा बंद पडायला पूर किंवा आग लागते असं नाही, एक माणूस जाणंही पुरतं. जीएसटीचा ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो? कंपनीचा ईमेल कुणाच्या नावावर आहे? बँकेचं नेटबँकिंग, वेबसाइटचं डोमेन, क्लाउडचं बिल? मालक अचानक गेले आणि घरच्यांना टॅलीचा पासवर्डही माहीत नाही, असं होऊ देऊ नका. हे सगळं एका कागदावर लिहा, लिफाफा बंद करून सही करा आणि घरातल्या विश्वासाच्या माणसाकडे किंवा लॉकरमध्ये ठेवा. आपल्याकडे हा विषय घरात काढणं अशुभ मानतात. तरी काढा.

कायद्याचंही थोडक्यात सांगतो. जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्न भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने जपावे लागतात. नोंदणीकृत कंपनी असेल तर हिशोबाची पुस्तकं 8 आर्थिक वर्षं. आणि ऑगस्ट 2022 च्या दुरुस्तीनंतर, कॉम्प्युटरवर हिशोब ठेवणाऱ्या कंपनीचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घेतला गेला पाहिजे. कॉम्प्युटर जळाला म्हटलं की अधिकारी कागद मागायचा थांबत नाही.

आणि एखाद्या सकाळी पडद्यावर पैशांची मागणी दिसलीच तर? मशीनची नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा, बाकीची मशीनंही नेटवर्कपासून तोडा. काहीही पुसू नका, फॉरमॅट करू नका, पडद्याचा फोटो काढा. बॅकअपची डिस्क घाईघाईने त्याच मशीनला जोडू नका, नाहीतर तीही जाईल. आधी मशीन साफ करून घ्यायचं, चोर शिरला ते दार बंद करायचं, मगच डेटा उतरवायचा. पैसे देऊ नका असं मी म्हणेन, कारण पैसे दिल्यावर किल्ली येईलच याची हमी कुणीच देत नाही. खात्यातून रक्कम गेली असेल तर एक मिनिटही न दवडता 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. अशा हल्ल्याची माहिती सहा तासांच्या आत सीईआरटी-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवावी, असा एप्रिल 2022 चा आदेश आहे. पोलिसांत जाताना लक्षात ठेवा, पौड पोलीस ठाणं पुणे ग्रामीणकडे आहे आणि हिंजवडी पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे. तुमचा गाळा कुणाच्या हद्दीत येतो हे आधीच विचारून ठेवा.

हा नंबर आणि ही क्रमवार कृती कॉम्प्युटरमध्ये साठवून उपयोग नाही. कागदावर छापा आणि हजेरीच्या टेबलाशेजारी भिंतीला लावा. खाली तीन नावं लिहा: प्रत कोण काढतं, ती घरी कोण नेतं, आणि ती उतरवून शेवटची कोणी आणि कोणत्या तारखेला पाहिली. तिसऱ्या नावापुढची तारीख मे महिना संपायच्या आत पडू द्या.